मालक कोण? मूळ धनी की दिवा लावणारा?

सिंगापूरची सामुद्रधुनी पूर्वेला जिथे दक्षिण चीन समुद्रात उघडते, तिथे ऐन वाटेवर ग्रॅनाइटचा एक खडक पाण्याबाहेर डोकं काढून बसला आहे. ओहोटीच्या वेळी त्याची लांबी १३७ मीटर आणि रुंदी सरासरी ६० मीटर. आज त्याच्या जवळून जाणारी मोठी कंटेनर जहाजं ४०० मीटर लांबीची असतात, म्हणजे अशा एका जहाजाच्या लांबीत जवळजवळ तीन खडक मावतील. इथे माणसांची वस्ती कधीच झाली नाही. समुद्रपक्षी मात्र शतकानुशतकं बसत आले आणि त्यांच्या विष्ठेमुळे खडक लांबून पांढरा दिसायचा. पोर्तुगीज खलाशी त्याला पेड्रा ब्रांका म्हणत, मलय लोक बातू पुतेह म्हणतात. दोन्ही भाषांत अर्थ एकच, पांढरा दगड.

हा खडक एकटा नाही. त्याच्या दक्षिणेला ०.६ सागरी मैलावर मिडल रॉक्स नावाचे खडकांचे दोन पुंजके आहेत. सागरी मैल १,८५२ मीटरचा, तेव्हा हे अंतर साधारण एक किलोमीटर. भरती असो वा ओहोटी, त्यांची टोकं हातभर वर दिसतात. आणखी पुढे, पेड्रा ब्रांकापासून २.१ सागरी मैलांवर साउथ लेज आहे. तो फक्त ओहोटीला उघडा पडतो, भरती आली की गडप होतो.

या तीन ठिपक्यांवर सिंगापूर आणि मलेशिया या दोन शेजाऱ्यांनी हक्क सांगितला आणि वाद शेवटी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. निकाल २३ मे २००८ रोजी लागला. पेड्रा ब्रांकावर १८५१ पासून एक दीपगृह आहे आणि ते सुरुवातीपासून सिंगापूरकडूनच चालवलं जातं. त्यामुळे अनेकांची समजूत अशी की दीपगृह सिंगापूरचं म्हणून खडक सिंगापूरला मिळाला. निकाल तसं म्हणत नाही. तो जे म्हणतो ते समजायला थोडं मागे जावं लागतं, पण कायद्याची पदवी लागत नाही.

आधी हे बघू, की एवढ्याशा दगडासाठी भांडायचं कशाला?

कारण भांडण दगडापुरतं नसतंच, दगडाभोवतीच्या पाण्याचं असतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र त्या देशाचा प्रादेशिक समुद्र मानला जातो. तिथे त्या देशाचा कायदा चालतो. समुद्राच्या कायद्याबद्दल संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा करार आहे. त्यातल्या १२१ व्या कलमानुसार भरतीच्या वेळीही पाण्याच्या वर राहणारी कोणतीही नैसर्गिक जमीन बेट ठरते. ती किती मोठी असावी याची अट नाही. माणसं राहू शकत नाहीत असा उघडाबोडका खडक असला तर त्याला २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र मिळत नाही, पण १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो. म्हणजे १३७ मीटरच्या दगडाचा मालक भोवतालच्या मोठ्या पाण्यावर हक्क सांगू शकतो, आणि इथलं पाणी म्हणजे जगातल्या सर्वात गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक.

ओहोटीला तेवढ्या दिसणाऱ्या खडकाची गोष्ट वेगळी. त्याला स्वतःचा असा प्रादेशिक समुद्र नसतो. साउथ लेजचं सगळं भवितव्य या एका फरकावर लटकलं, ते पुढे येईलच.

अंतरं बघा. पेड्रा ब्रांका सिंगापूरपासून २४ सागरी मैल लांब आहे. मलेशियाचं जोहोर राज्य ७.७ मैलांवर आणि इंडोनेशियाचं बिंतान बेट ७.६ मैलांवर. नकाशा समोर ठेवला तर कुणीही म्हणेल, हा खडक सिंगापूरचा कसा असेल? पूर्वी बहुतेक देश तीनच मैल समुद्र आपला मानत. त्या हिशेबाने खडक जोहोरच्या किनारी पाण्याच्या बाहेर होता आणि त्याची विचारपूस करण्याची कुणाला निकड नव्हती. मलेशियाने १९६९ मध्ये ही हद्द तीनवरून बारा मैलांवर नेली, आणि इतकी वर्षं बाहेर असलेला खडक एकदम आत आला.

दिवा कसा लागला

जेम्स हॉर्सबर्ग हा स्कॉटलंडचा खलाशी. १७८६ मध्ये तो ज्या जहाजावर होता ते हिंदी महासागरात दिएगो गार्सियाच्या प्रवाळावर चढून फुटलं. नकाशा चुकीचा होता. त्यानंतर या माणसाने आयुष्य बिनचूक सागरी नकाशे करण्यात घातलं आणि पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य सागरी नकाशाकार झाला. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांचे कप्तान त्याच्या मार्गदर्शिकेवर डोळे मिटून भरवसा ठेवत. तो १८३६ मध्ये वारला, तेव्हा चीनमधल्या कँटन बंदरातल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या स्मारकासाठी वर्गणी काढली. पुतळा उभारण्यापेक्षा दीपगृह बांधावं असं ठरलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. चुकीच्या नकाशामुळे जहाज गमावलेल्या माणसाची आठवण म्हणून दिवा, तोही अशा जागी की जिथे १८२४ ते १८५१ या काळात किमान सोळा मोठी जहाजं खडकांवर चढली होती.

जागेबद्दल बरीच वर्षं खल चालला. आधी जोहोरच्या किनाऱ्याजवळचा पीक रॉक पुढे आला होता, शेवटी पेड्रा ब्रांका ठरला. सिंगापूरचा सरकारी भूमापक जॉन टर्नबुल थॉमसन तेव्हा ऐन पंचविशीत होता. या उघड्या खडकावर लाटा किती जोराने आदळतात हे त्याला जाणून घ्यायचं होतं. त्याने साधा उपाय केला. १८४७ मध्ये खडकावर वेगवेगळ्या ठिकाणी विटांचे खांब बांधले आणि परत गेला. दोनेक महिन्यांनी येऊन पाहिलं, कुठला टिकला, कुठला वाहून गेला. पडलेल्या खांबांनी त्याला सांगितलं की इथे विटेचं काम नाही, ग्रॅनाइटच हवा.

ग्रॅनाइट सिंगापूरजवळच्या पुलाऊ उबिन बेटावरून आला. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खडकावर उतरणंच अशक्य, त्यामुळे काम वर्षातले थोडे महिनेच चाले. २४ मे १८५० रोजी पायाचा दगड बसला आणि १५ ऑक्टोबर १८५१ रोजी दिवा लागला. मनोऱ्याला हॉर्सबर्गचं नाव दिलं. पुढे थॉमसनची प्रकृती ढासळली. सिंगापूर सोडून तो इंग्लंडला आणि तिथून न्यूझीलंडला गेला, आणि पुढे त्या देशाचा पहिला मुख्य भूमापक झाला. त्याचा मनोरा आजही उभा आहे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिवा स्वयंचलित झाला.

व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून खर्चाचा काही भागच निघाला, बाकीचा भार कंपनीने उचलला. सिंगापूर तेव्हा कलकत्त्याहून चालवलं जायचं, त्यामुळे या दीपगृहाचा कायदाही भारताच्या गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने केला, १८५२ चा सहावा कायदा. त्यात लिहिलं आहे की हे दीपगृह आणि त्याच्या अनुषंगाने येणाऱ्या गोष्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीच्या. दीपगृह मालकीचं, हे स्पष्ट आहे. त्याच्याखालचा खडक कुणाच्या राज्याचा, याबद्दल त्या कायद्यात शब्द नाही. दीडशे वर्षांनी नेमक्या याच फटीत वकिलांनी पहारी घातल्या.

दिवा लावणं म्हणजे मालकी नव्हे

जमिनीचा वाद ज्याने जवळून पाहिला आहे त्याला मालकी आणि वहिवाट यांतला फरक सांगावा लागत नाही. शेजाऱ्याच्या बांधावरून वर्षानुवर्षं जाणं-येणं असलं तरी बांध आपला होत नाही. पण तिथेच आपण कुंपण घातलं, कर भरला, आणि शेजारी बघूनही गप्प राहिला, तर प्रश्न अवघड होतो. देशांमधल्या जमिनीचे वाद थोड्याफार याच वाटेने जातात.

दीपगृहाच्या बाबतीत तर जुना संकेत आहे की दिवा लावणं हे सार्वभौमत्व दाखवण्याचं कृत्य मानायचं नाही. आणि तो शहाणपणाचा आहे. दिवा सगळ्यांच्या जहाजांसाठी असतो. दिवा लावला की जमीन गेली असा नियम असता, तर कुठल्याच देशाने आपल्या खडकावर दुसऱ्याला दिवा लावू दिला नसता आणि खलाशी बुडत राहिले असते. १९५३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात मिंकिये आणि एक्रेहो या बेटांवरून वाद झाला, तेव्हा फ्रान्सने तिथे दिवे आणि बोया सांभाळल्याचा मुद्दा मांडला होता. न्यायालयाने तो पुरेसा मानला नाही.

पण नियमाला एक बारीक पोटनियम आहे. २००१ मध्ये कतार आणि बहारीन यांच्या खटल्यात कितत जरादा नावाचा एक चिमुकला भूभाग होता, भरतीच्या वेळी १२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद. एवढ्याशा जागेवर राज्यकारभार करायचा म्हणजे करायचं काय? तिथे पोलिस चौकी नाही, शाळा नाही, महसूल नाही. म्हणून न्यायालय म्हणालं की इतक्या छोट्या बेटांच्या बाबतीत जहाजांना वाट दाखवणारी खूण उभारण्यालाही कायद्याच्या दृष्टीने महत्त्व असू शकतं. पुढच्या वर्षी, १७ डिसेंबर २००२ रोजी, हाच मुद्दा मलेशियाच्या कामी आला. लिगितान आणि सिपादान या बेटांवरून तिचा इंडोनेशियाशी वाद होता. कासवांच्या अंड्यांवरचं नियंत्रण, पक्ष्यांसाठी राखीव जागा आणि १९६२ व १९६३ मध्ये बांधलेली दोन दीपगृहं, अशा पुराव्यावर मलेशियाने ती बेटं जिंकली. तेव्हा पेड्रा ब्रांकाच्या खटल्यात "दीपगृहाला काही अर्थच नाही" असं मलेशियाला सरसकट म्हणता येणार नव्हतं. सिंगापूर ते दीपगृह जोहोरच्या परवानगीने चालवतं, एवढंच, अशी तिची भूमिका होती.

मूळ धनी कोण होता?

सिंगापूरचं म्हणणं होतं की १८४७ मध्ये हा खडक बेवारस होता. ब्रिटिशांनी ताबा घेतला, दीपगृह बांधलं, विषय संपला.

न्यायालयाने हे फेटाळलं. सोळाव्या शतकात स्थापन झालेल्या जोहोर सल्तनतीची सत्ता या सामुद्रधुनीतल्या बेटांवर पसरलेली होती. पुरावा कुठला? न्यायालयाने ज्या गोष्टींचा आधार घेतला त्यांत ओरांग लाउत, म्हणजे "समुद्राची माणसं", यांचा समावेश आहे. ही मंडळी होड्यांमध्येच राहायची, मासे धरायची, अधूनमधून लूटमारही करायची आणि जोहोरच्या सुलतानाला आपला धनी मानायची. थॉमसनने १८५० मध्ये वरिष्ठांना कळवलं होतं की हे लोक खडकावर नेहमी येतात आणि त्यांना तिथे उतरू देऊ नये. त्यांना हाकलण्यासाठी लिहिलेलं ते पत्र दीडशे वर्षांनी त्यांच्या सुलतानाच्या बाजूचा पुरावा ठरलं. ज्यांचं या पाण्यावर खरोखर पोट होतं त्यांचं नाव या सगळ्या कज्ज्यात एवढंच येतं, ही गोष्ट मला बोचते.

दुसरा पुरावा सिंगापूरच्याच एका वर्तमानपत्रातला. २५ मे १८४३ च्या लेखात बातू पुतेहच्या परिसराचा उल्लेख जोहोरच्या तेमंगगोंगच्या मुलखातला भाग असा येतो. तेमंगगोंग हे जोहोरच्या दरबारातलं मोठं पद, प्रत्यक्ष सत्ता त्याच्याच हातात होती. १८२४ मध्ये ब्रिटिश आणि डच यांनी आपापसांत या भागाची वाटणी केली, तेव्हाही खडक जोहोरकडेच राहिला असं न्यायालयाने धरलं. त्याच वर्षी सिंगापूर ब्रिटिशांना देणारा जो करार झाला, त्यात सिंगापूरपासून दहा मैलांच्या आतली बेटं होती. पेड्रा ब्रांका त्याच्या कितीतरी बाहेर.

मग १८४४ मध्ये गव्हर्नर बटरवर्थने सुलतान आणि तेमंगगोंग यांना दीपगृहाबद्दल पत्रं लिहिली. दोघांची होकाराची उत्तरं, २५ नोव्हेंबर १८४४ ची, आज उपलब्ध आहेत. बटरवर्थची मूळ पत्रं मात्र सापडलेली नाहीत. उत्तर आहे आणि प्रश्नच हरवला आहे, त्यामुळे होकार कुठल्या खडकाबद्दल होता, आणि तो फक्त बांधायला होता की जागा कायमची देऊन टाकायला, हे सांगता येत नाही. न्यायालयाने यावर कुठलाही निष्कर्ष काढला नाही.

इथपर्यंत पारडं मलेशियाकडे झुकलेलं आहे. मूळ मालकी जोहोरची, आणि जोहोर आज मलेशियात.

एका वाक्याचं उत्तर

१२ जून १९५३. सिंगापूर अजून ब्रिटिश वसाहत. वसाहतीच्या सचिवालयातून जे. डी. हायम यांचं एक पत्र जोहोरच्या सुलतानाच्या ब्रिटिश सल्लागाराकडे जातं. आपल्या वसाहतीच्या समुद्राची हद्द ठरवायची आहे, म्हणून पेड्रा ब्रांकाचा दर्जा काय ते कळावं, असं त्यात आहे. हा खडक १८२४ च्या करारातल्या हद्दीबाहेर आहे, दीपगृह आम्ही बांधलेलं आहे, तर तो भाड्याने, दान म्हणून किंवा अन्य कोणत्या मार्गाने दिल्याचा काही कागद तुमच्याकडे आहे का?

त्याच पत्रात तुलनेसाठी पुलाऊ पिसांगचं उदाहरण आहे. तेही जोहोरचं बेट, तिथलंही दीपगृह सिंगापूर चालवायचं. पण तिथे १९०० सालचा नोंदवलेला दस्तऐवज होता: एवढी जागा, हा रस्ता, या अटी. त्यामुळे पिसांगवरची सत्ता जोहोरचीच, याबद्दल शंका नाही, असं पत्र स्वतःच म्हणतं. पेड्रा ब्रांकाबद्दल मात्र असा कागद मिळत नाही.

उत्तर २१ सप्टेंबर १९५३ रोजी आलं. जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवांनी एका वाक्यात लिहिलं की जोहोर सरकार पेड्रा ब्रांकाच्या मालकीचा दावा करत नाही.

कारण दिलेलं नाही, अट घातलेली नाही, "तूर्तास" असा शब्दही नाही. हे उत्तर लिहिताना त्या कार्यालयात कुणाच्या डोक्यात काय होतं, हे आता कधीच कळणार नाही. सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी ते वाचून आपापसांत टिपण केलं की याच्या जोरावर आपण खडकावर हक्क सांगू शकतो. पण त्यांनी तसं कुठे जाहीर केलं नाही. पत्र फाइलीत गेलं.

मलेशियाने न्यायालयात सांगितलं की प्रभारी सचिवाला राज्याचा भूभाग सोडून देण्याचा अधिकार नव्हता, आणि मालकी व सार्वभौमत्व हे एक नव्हे. मालकी म्हणजे जागेची, सार्वभौमत्व म्हणजे राज्याचं. हा फरक खरा आहे. पण प्रश्नच समुद्राच्या हद्दीसाठी विचारलेला होता, तेव्हा उत्तरातल्या "मालकी"चा अर्थ राज्याचा हक्क असाच घ्यावा लागतो, असं न्यायालयाने म्हटलं. तरीही एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. या पत्राने खडक सिंगापूरला दिला, असं निकाल म्हणत नाही. १९५३ साली खडक आपला आहे असं जोहोरलाच वाटत नव्हतं, हे पत्रातून दिसतं, असं तो म्हणतो. मग पुढच्या वर्षांत दोघं कसे वागले, यावर सगळं येऊन ठेपलं.

गप्प बसणं

त्यानंतरची सत्तावीसेक वर्षं डोळ्यांसमोर आणा. मध्ये मलाया स्वतंत्र झाला, १९६३ मध्ये मलेशिया बनला, १९६५ मध्ये सिंगापूर वेगळं झालं. या काळात सिंगापूर खडकाजवळच्या जहाजांच्या अपघातांची चौकशी करत होतं. १९७४ मध्ये भरती-ओहोटीच्या अभ्यासासाठी वेगवेगळ्या देशांची माणसं दीपगृहावर राहायला यायची होती, त्यांत मलेशियाचेही कर्मचारी होते. सिंगापूरने त्यांची नावं, पासपोर्ट क्रमांक आणि मुक्कामाची मुदत मागितली. मलेशियाने ती निमूट पाठवली. आपल्याच बेटावर जायला कुणी शेजाऱ्याला पासपोर्ट क्रमांक कळवतं का? १९७७ मध्ये सिंगापूरच्या नौदलाने तिथे संदेशवहनाची यंत्रणा बसवली. पुढच्याच वर्षी खडकाभोवती भराव घालून तो मोठा करण्याच्या निविदा जाहीरपणे मागवल्या गेल्या, मग ते काम पुढे गेलं नाही ही गोष्ट वेगळी.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा निशाणाचा आहे. सिंगापूर आपलं सागरी निशाण दोन्ही दीपगृहांवर फडकवत असे, पुलाऊ पिसांगवर आणि पेड्रा ब्रांकावर. १९६८ मध्ये मलेशियाने हरकत घेतली की पिसांगवरचं निशाण उतरवा, ते बेट आमचं आहे. सिंगापूरने उतरवलं. त्याच वेळी पेड्रा ब्रांकावर तेच निशाण वाऱ्यावर होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हरकत कशी घ्यायची हे ज्याला माहीत आहे, त्याने एके ठिकाणी ती घेतली आणि दुसरीकडे घेतली नाही, तर त्याच्या गप्प बसण्याला वजन येतं.

आणि नकाशे. १९६२ ते १९७५ दरम्यान मलाया आणि मलेशियाच्या सरकारी भूमापन खात्याने छापलेल्या नकाशांवर या बेटाच्या नावाखाली कंसात "सिंगापूर" असं लिहिलेलं होतं.

२१ डिसेंबर १९७९ रोजी मलेशियाने नवा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात खडक आपल्या हद्दीत दाखवला. १४ फेब्रुवारी १९८० रोजी सिंगापूरने निषेध नोंदवला. कायद्याच्या भाषेत त्या दिवशी वाद जन्मला. त्यानंतर कुणी काही बांधलं, झेंडे लावले, गस्ती घातल्या, तरी त्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही. भांडण सुरू झाल्यावर जमवलेला पुरावा मोजायचा नाही, हा या क्षेत्रातला साधा आणि चांगला दंडक आहे.

निकाल

दोन्ही देशांनी आपणहून करार करून २००३ मध्ये प्रकरण न्यायालयाकडे सोपवलं. सोळा न्यायाधीश बसले. आपल्या देशाचा न्यायाधीश तिथे नसेल तर त्या पक्षाला आपल्या पसंतीचा एक न्यायाधीश नेमता येतो. मलेशियाने दक्षिण आफ्रिकेचे जॉन डुगार्ड नेमले, सिंगापूरने भारताचे पी. श्रीनिवास राव.

पेड्रा ब्रांका १२ विरुद्ध ४ मतांनी सिंगापूरला मिळाला. मूळ हक्क जोहोरचा होता, पण १९५३ चं उत्तर, त्यानंतर सिंगापूरने राज्यकर्ता म्हणून केलेलं वर्तन आणि मलेशियाचं मौन, हे सगळं मिळून १९८० पर्यंत सार्वभौमत्व सिंगापूरकडे गेलेलं होतं. दीपगृह सांभाळणं हा त्यातला एक धागा होता. एकट्या दिव्यावर निकाल लागला असता तर तो वेगळा लागायची शक्यता मोठी होती.

मिडल रॉक्स १५ विरुद्ध १ मतांनी मलेशियाला. कारण अगदी सरळ आहे. तिथे सिंगापूरने कधी काही केलं नव्हतं, १९५३ च्या पत्रात त्यांचा उल्लेख नव्हता, आणि जोहोरच्या मूळ हक्काला धक्का लावणारं काहीच घडलेलं नव्हतं. एकमेकांपासून किलोमीटरभर अंतरावरचे खडक दोन देशांत गेले ते असे. तीन खडकांचा हा एकच गट आहे, तेव्हा सगळं एकाला द्या, हे सिंगापूरचं म्हणणं न्यायालयाने मानलं नाही. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती राव होते.

मला स्वतःला पेड्रा ब्रांकाचा निकाल पटतो, पण विरोधातल्या चार मतांकडे दुर्लक्ष करवत नाही. निकालातच एक वाक्य आहे, की सार्वभौमत्व एकाकडून दुसऱ्याकडे गेलं असं म्हणायचं तर ते वर्तनातून स्पष्टपणे, शंकेला जागा न ठेवता दिसलं पाहिजे, विशेषतः एखादा देश आपला भूभाग सोडून देत आहे असं म्हणायचं असेल तेव्हा. विरोधकांचा मुद्दा हाच होता. कुठे लिखित करार नाही, जाहीर घोषणा नाही, फक्त एक त्रोटक उत्तर आणि बरंचसं मौन. एवढ्यावर मूळ मालकाचा हक्क जावा का? मला वाटतं, निशाणाचा प्रसंग आणि मलेशियाचे स्वतःचे नकाशे नसते तर या चौघांचं पारडं जड झालं असतं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मलेशियाने नवी कागदपत्रं सापडल्याचं सांगत निकालाच्या फेरविचाराचा अर्ज केला आणि जूनमध्ये निकालाचा अर्थ स्पष्ट करण्याचा दुसरा. मे २०१८ मध्ये तिथे सरकार बदललं आणि दोन्ही अर्ज मागे घेतले गेले. दरम्यान २०१७ मध्येच मिडल रॉक्सवर मलेशियाचा अबू बकर सागरी तळ सुरू झाला. खडकांचे दोन्ही पुंजके धक्क्याने जोडले आहेत, हेलिपॅड आहे.

राहिला साउथ लेज. ओहोटीलाच दिसणारा खडक म्हणजे बेट नव्हे, तो ज्याच्या प्रादेशिक समुद्रात असेल त्याचा. पण तो पेड्रा ब्रांकाच्याही बारा मैलांच्या आत आहे, मिडल रॉक्सच्याही, आणि मलेशियाच्या मुख्य भूमीच्याही. समुद्राची हद्द आखून देण्याचं काम दोन्ही देशांनी न्यायालयाला सांगितलेलं नव्हतं. म्हणून निकालपत्रात साउथ लेजपुढे कुठल्याच देशाचं नाव नाही. ज्या देशाच्या प्रादेशिक पाण्यात तो आहे त्या देशाचा तो, एवढंच तिथे लिहिलं आहे, आणि ते पाणी कुणाचं हे त्या दोघांनी बसून ठरवायचं आहे.